‘व्हॅली ऑफ फायर’चे खडक लाल का, पोखरलेले का, आणि उन्हाळ्यात तिथल्या पायवाटा बंद का?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांच्या सहलींमध्ये लास वेगास आणि तिथून पुढे ग्रँड कॅन्यन हा बेत जवळजवळ ठरलेला असतो. १ जानेवारी २०२६ पासून या बेताचे गणित थोडे बदलले आहे. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन, योसेमिटी यांसह अकरा राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, सोळा वर्षे व त्यावरील पर्यटकांकडून नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा घेतले जातात आणि अनिवासींसाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास काढला तरच ही आकारणी टळते. त्यामुळे त्याच वाटेवर असलेल्या, पण या नियमाच्या कक्षेत न येणाऱ्या ‘स्टेट पार्क’चा विचार साहजिकच पुढे येतो.

लास वेगासच्या ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर, गाडीने तासाभराच्या अंतरावर असलेले ‘व्हॅली ऑफ फायर’ हे असेच एक स्टेट पार्क आहे. राखाडी, रुक्ष डोंगरांमधून गाडी वळण घेते आणि समोर एकाएकी लालभडक खडकांचा पट्टा उभा राहतो, त्यात कमानी, बोगदे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके, पट्टेदार लाटा असे सगळे दिसू लागते. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला इथे दोन प्रकारचे प्रश्न पडतात. पहिले खडकाविषयी असतात : हा रंग कुठून आला, ही भोके कुणी पाडली? दुसरे नियमांविषयी असतात : इथल्या खडकावर चढू नका, तिथल्या चित्राला हात लावू नका, ही पायवाट मे महिन्यात बंद, असे इतके निर्बंध कशासाठी? हे दोन्ही प्रश्न वेगळे नाहीत. हा खडक म्हणजे मुळात वाळू आहे आणि ती वाळू फार थोड्या बांधणीवर एकत्र राहिली आहे, एवढे नीट समजले की बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

स्टेट पार्क आणि नॅशनल पार्क यांत फरक काय?

नॅशनल पार्क हे केंद्र सरकारच्या अखत्यारीत असते आणि स्टेट पार्क हे त्या त्या राज्याच्या. व्हॅली ऑफ फायर हे नेवाडा राज्याचे सर्वांत जुने स्टेट पार्क असून त्याची स्थापना १९३५ साली झाली. त्याआधीच, महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी केंद्र सरकारने काढलेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या योजनेतील कामगारांनी इथे रस्ते केले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना मुक्काम करता यावा म्हणून स्थानिक दगडाच्या खोल्या बांधल्या. त्या खोल्या अजून उभ्या आहेत. उद्यानाचा पसारा चाळीस हजार एकरांहून अधिक आहे आणि १९६८ मध्ये त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

व्यवहारात या फरकाचा अर्थ इतकाच की नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही. शुल्क माणशी नव्हे, तर गाडीमागे घेतले जाते आणि नेवाडाबाहेरच्या क्रमांकाच्या गाडीला ते अधिक पडते. चार-पाच जणांचे कुटुंब एका गाडीतून आले तर हा हिशेब बराच स्वस्त ठरतो.

नाव आगीचे, तरी खडक ज्वालामुखीचा नाही

महाराष्ट्रातल्या माणसाची इथे हमखास गल्लत होते, आणि ती स्वाभाविकही आहे. आपल्याकडे डोंगर म्हटला की तो लाव्हारसाचा. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्यातून तयार झाला. त्यामुळे ‘फायर’ हे नाव आणि निखाऱ्यासारखा रंग पाहिला की इथेही कधीतरी ज्वालामुखी असला पाहिजे, असे वाटते.

प्रत्यक्षात हा वालुकाश्म आहे, म्हणजे वाळू दाबली जाऊन आणि सांधली जाऊन झालेला दगड. भूवैज्ञानिक त्याला ‘ॲझटेक सँडस्टोन’ म्हणतात. डायनोसॉरांच्या ज्युरासिक काळात, पंधरा कोटी वर्षांहून अधिक पूर्वी, आजच्या नेवाडापासून यूटापर्यंत आणि त्याही पलीकडे वाळूच्या टेकड्यांचा समुद्र पसरलेला होता. झायन नॅशनल पार्कच्या उंच भिंती ज्या ‘नाव्हाहो सँडस्टोन’च्या आहेत, तो याच वाळवंटाचा भाग. या वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे अतिशय टिकाऊ कण सापडतात आणि त्यांचे वय काढता येते. ते वय खंडाच्या पूर्व टोकाच्या ॲपलेशियन पर्वतातल्या खडकांशी जुळत असल्याने, यातली बरीचशी वाळू प्राचीन नद्यांनी आधी पश्चिमेकडे वाहून आणली आणि मग वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या, असे संशोधक मानतात.

हे वाळवंटच होते याचा पुरावा खडकावर उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. पश्चिमेकडच्या प्रवेशद्वारातून आत आल्यावर ‘बीहाइव्ह्ज’ नावाचे घुमटाकार खडक लागतात. त्यांच्या अंगावर बारीक रेघांचे जुडगे दिसतात. एका जुडग्यातल्या रेघा एकीकडे झुकलेल्या असतात, तर त्यावरच्या जुडग्यातल्या भलत्याच दिशेला. वारा वाळू टेकडीच्या माथ्यावर नेतो आणि पलीकडच्या उतारावर ती घरंगळते. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांहून अधिक तीव्र उतारावर टिकत नाही, म्हणून प्रत्येक घसरणीचा एक तिरका थर बसतो. वाऱ्याची दिशा बदलली की थरांचा कल बदलतो. म्हणजे खडकावरची प्रत्येक तिरकी रेघ ही एकेकाळच्या टेकडीची घसरगुंडी आहे, आणि तिच्या कलावरून त्या काळी वारा कुठून वाहत होता हेही सांगता येते.

नंतर ही वाळू इतर गाळाखाली गाडली गेली. भूजलातून आलेली चुना, सिलिका, लोह यांसारखी द्रव्ये कणांच्या फटींत साचली आणि त्यांनी कण एकमेकांना धरून ठेवले. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांपुढे आणावा. त्यात दाणेच दाणे असतात, पाक अगदी थोडा असतो, आणि दाण्यांमध्ये भरपूर पोकळी उरलेली असते. वालुकाश्माची रचना तशीच आहे. दाणा स्वतः कठीण असतो, कारण तो क्वार्ट्झ म्हणजे गारेचा असतो. कच्चा असतो तो पाक. आणि बेसॉल्टशी तुलना केली तर नेमकी इथेच मेख आहे. बेसॉल्टचे स्फटिक वितळलेल्या रसातूनच एकमेकांत गुंतून वाढलेले असतात, त्यांना वेगळा पाक लागत नाही.

एकाच खडकात लाल, गुलाबी, पिवळे आणि पांढरे पट्टे कसे?

लाल रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. वाळूच्या प्रत्येक कणावर हेमटाइट नावाच्या लोह-ऑक्साइडचा अत्यंत पातळ लेप असतो. आपल्याकडचा गेरू म्हणजे हेच खनिज मातीत मिसळलेले, आणि कोकणातल्या जांभ्याला तांबूसपणा येतो तोही लोहाच्या ऑक्साइडांमुळेच. म्हणजे इतक्या दूरच्या वाळवंटात जो रंग पाहून आपण चकित होतो, तो रत्नागिरीच्या सड्यावर रोज पायाखाली असतो. फक्त तिथे पावसाने शेवाळ आणि गवत वाढते, इथे ते झाकायला काही उगवतच नाही.

मग पांढरा रंग कुठून आला? वाळू मुळात पांढरी होती आणि काही ठिकाणीच लाल झाली, असे पुष्कळांना वाटते. घडले ते याहून गुंतागुंतीचे. आधी जवळपास सगळी वाळू तांबडी झाली आणि नंतर काही ठिकाणी तिचा रंग धुतला गेला. ऑक्सिजनच्या सान्निध्यात असलेले लोह पाण्यात विरघळत नाही, म्हणून गंजाचा डाग साध्या पाण्याने निघत नाही. परंतु जमिनीखाली खोलवर ऑक्सिजन नसलेले द्रव खडकाच्या पोकळ्यांतून वर सरकले, तेव्हा त्यांच्या संपर्कात लोहाचे रूप बदलले, ते विद्राव्य झाले आणि द्रवाबरोबर वाहून गेले. तिथे पांढरा किंवा फिकट गुलाबी खडक उरला. वाहून गेलेले लोह पुढे ऑक्सिजन भेटताच पुन्हा साचले आणि कुठे पिवळा, कुठे जांभळट पट्टा उमटला. जिथे कण जास्त घट्ट बसलेले होते तिथे द्रवाला वाट मिळाली नाही, म्हणून लाल रंग टिकला. ‘फायर वेव्ह’ या ठिकाणी लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांची लाट दिसते आणि या उद्यानाची बहुतेक छायाचित्रे तिथलीच असतात. ते पट्टे म्हणजे द्रवाला कुठून जाता आले आणि कुठून जाता आले नाही याचा नकाशा आहे.

हे सगळे वाऱ्याने कोरले असे सांगतात, ते खरे का?

अर्धेच खरे. वाऱ्याबरोबर उडणारी जड वाळू जमिनीपासून फार वर जात नाही आणि तिचे घासणे बहुतांशी गुडघ्या-कमरेच्या उंचीपर्यंतच होते. इथे मात्र भोकांच्या रांगा कड्याच्या पार माथ्यापर्यंत आहेत. तिथवर वाळूचा कानस पोचू शकत नाही.

खरे काम पाणी आणि मीठ करतात, आणि पाणी इथे किती थोडे असते हे लक्षात घेतले म्हणजे गंमत वाटते. इथे वर्षाला सरासरी चार इंच, म्हणजे सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवसात तेवढा सहज होतो. पण हे थोडे पाणी सच्छिद्र खडकात शिरते, पाकातला चुना थोडा विरघळवते, क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येते आणि वाळते. वाळताना क्षारांचे स्फटिक कणांच्या फटींत वाढतात आणि कण रेटून सुटे करतात. एकदा छोटा खळगा पडला की त्यात सावली असते, ओल थोडी जास्त वेळ टिकते, क्षार जास्त साचतात आणि खळगा आतून वाढत जातो. अशा पोखरणीला ‘टॅफोनी’ म्हणतात. एखाद्या कोनाड्यात वाकून पाहिले तर त्याच्या तळाशी चिमूटभर सुटी, स्वच्छ वाळू पडलेली दिसते. ती वाऱ्याने आणून टाकलेली नसते, ती त्याच कोनाड्याच्या छतावरून आणि भिंतींवरून निखळलेली असते. वारा नंतर येऊन ती झाडून नेतो. त्याचे काम गवंड्याचे नाही, राडारोडा उचलणाऱ्याचे आहे.

दोन पोखरणी एकमेकींना भिडल्या की आरपार खिडकी पडते, खिडकी रुंदावली की कमान होते. पूर्वेकडच्या प्रवेशद्वाराजवळचा प्रसिद्ध ‘एलिफंट रॉक’ ही अशीच कमान आहे. सोंड जमिनीला टेकलेला हत्ती त्यात खरोखरच दिसतो, मात्र ठराविक बाजूने पाहिले तरच.

आजूबाजूचे राखाडी डोंगर वेगळे का?

हा भाग बहुतेक पर्यटक पाहतच नाहीत, कारण लाल रंगापुढे राखाडीकडे लक्ष जात नाही. माझ्या मते भूविज्ञानाच्या दृष्टीने या दरीतली सर्वांत चक्रावणारी गोष्ट तीच आहे.

भोवतालचे राखाडी डोंगर चुनखडकाचे आहेत, म्हणजे एकेकाळच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे. वयाने ते लाल वालुकाश्माहून कितीतरी कोटी वर्षांनी मोठे आहेत. सर्वसाधारण नियम असा की जुना थर खाली आणि नवा थर वर. इथे मात्र जुना चुनखडक नव्या वालुकाश्माच्या डोक्यावर बसला आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी खंडाच्या पश्चिम कडेने जो प्रचंड रेटा आला, त्यात पृथ्वीच्या कवचाचा जाड पापुद्रा तुटून कित्येक किलोमीटर पूर्वेकडे ढकलला गेला आणि तरुण खडकावर चढला. या भेगेला ‘मडी माउंटन थ्रस्ट’ असे नाव आहे. पुढे वरच्या आवरणाची काही ठिकाणी झीज झाली, खालचा लाल खडक उघडा पडला, आणि आपण ज्याला दरी म्हणतो ते खरे तर त्या आवरणाला पडलेले भगदाड आहे. खडकाच्या या ओझ्याखाली असतानाच ते रंग धुणारे द्रव हलले असावेत, अशी मांडणी अभ्यासकांनी केली आहे. म्हणजे राखाडी डोंगर नसते तर कदाचित फायर वेव्हचे पट्टेही नसते.

चित्रे रंगवलेली नाहीत, खरवडलेली आहेत

‘अटलाटल रॉक’ या उंच खडकावर लोखंडी जिना चढून गेले की माणसांच्या, मेंढ्यांच्या, वर्तुळांच्या आणि नागमोडी रेघांच्या आकृत्या दिसतात. अटलाटल म्हणजे भाला दूर फेकण्यासाठी वापरायचा दांडका. धनुष्यबाणाच्या आधी शिकारीसाठी तो वापरात होता आणि त्याचीही आकृती इथे आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० ते इसवी सन ११५० या काळात या भागात प्राचीन प्यूब्लो परंपरेतील लोकांचा वावर होता आणि नंतर दक्षिणी पायूट लोकांचा. पाण्याच्या टंचाईमुळे वस्ती कायमची नसावी, शिकार, कंद-बिया गोळा करणे आणि धार्मिक विधी यांसाठी लोक येत-जात असावेत.

या आकृत्या टिकल्या त्या ‘डेझर्ट व्हार्निश’मुळे. वाळवंटातल्या खडकावर चिकणमाती, मँगनीज आणि लोह यांचा गडद तपकिरी, चकचकीत थर चढतो. तो हजार वर्षांत अवघे काही मायक्रॉन वाढतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग हे ज्याचे माप, अशा हिशेबाने. कलाकाराने दगडाने टोचून हा थर काढला की खालचा फिकट वालुकाश्म उघडा पडतो आणि आकृती उमटते. कोकणातल्या कातळशिल्पांची आठवण इथे मराठी वाचकाला होणारच. बारसू, कशेळी, उक्षी, कुडोपी अशा स्थळांचा, गोव्यातील एका स्थळासह, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. तंत्र मात्र वेगळे आहे. आपली शिल्पे आडव्या जांभ्यात खोदलेली आहेत, म्हणून कशेळीचा हत्ती सड्यावर उभे राहून पायाखाली पाहावा लागतो. इथली आकृती उभ्या भिंतीवर आहे आणि तिची खोली नखाएवढीच.

यावरून हात लावू नका या सूचनेचे कारण कळते. बोटांवरचे तेल आणि घाम त्या थराच्या रसायनात ढवळाढवळ करतात. आकृती ठळक दिसावी म्हणून तिच्यावर खडूने गिरवणे किंवा पाणी शिंपडणे हा प्रकार तर निव्वळ अडाणीपणा आहे, कारण आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मुळातच काही मायक्रॉनांचा आहे.

‘एका माणसाच्या पावलाने असे काय बिघडते?’

हा आक्षेप रास्त आहे, कारण समोरचा खडक लाखो वर्षे उभा आहे आणि आपले वजन सत्तर किलो. उत्तर पुन्हा त्या लाडवापाशी येते. ओल लागली की पाक सैलावतो. ओला वालुकाश्म कोरड्याहून बराच दुबळा असतो आणि बाहेरून वाळलेला दिसला तरी आतून ओला असू शकतो. लास वेगासच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या रेड रॉक कॅन्यनमध्ये हाच ॲझटेक सँडस्टोन आहे. तिथले प्रस्तरारोहक पावसानंतर एक ते तीन दिवस खडकाला हात लावत नाहीत, कारण पकडीचा दगड हातात निघून येतो. तेव्हा पाऊस पडून गेल्यावर कमानीवर किंवा पातळ कंगोऱ्यांवर चढणे हे खडकाला जितके घातक, तितकेच चढणाऱ्यालाही.

खडक सोडून जमिनीचे पाहू. झुडपांमधल्या वाळूवर काही ठिकाणी काळपट, खरबरीत पापुद्रा असतो. तो घाण नसून सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेली जिवंत साय असते. तीच वाळू धरून ठेवते आणि पावसाचे थोडेसे पाणी मुरू देते. पाऊल पडले की ती मोडते आणि शंभर मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात ती पुन्हा जमायला दशके लागतात. एकाने पाऊलवाट पाडली की मागून येणाऱ्यांना तीच अधिकृत वाटते, हा अनुभव राजमाची किंवा हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्यांना नवा नाही.

आणि एका माणसाने केलेले नुकसान एका क्षणाचे असते याचे उदाहरण शेजारच्या यूटा राज्यात आहे. तिथल्या गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्कमध्ये वालुकाश्माचे भूछत्रासारखे असंख्य खडक आहेत. २०१३ मध्ये मुलांना सहलीला घेऊन आलेल्या स्काउट प्रमुखांपैकी एकाने असा एक खडक ढकलून पाडला, दुसऱ्याने त्याचे चित्रण केले आणि ती चित्रफीत जगभर पसरली. खडक धोकादायक वाटला म्हणून पाडला, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना प्रोबेशन व दंडाची शिक्षा झाली. पाडायला काही सेकंद लागले होते.

‘आठवण म्हणून एक खडा’ यालाही हेच लागू होते. उद्यानातून दगड, वनस्पती किंवा जीवाश्म उचलून नेण्यास मनाई आहे. इथे वीस कोटी वर्षांहून जुन्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके आहेत. त्यांच्याभोवती जाळीचे कुंपण घातलेले पाहून काहींचा हिरमोड होतो. पण उघड्यावर ठेवलेला अश्मीभूत लाकडाचा तुकडा कुणाच्या ना कुणाच्या खिशात जातोच, हे अमेरिकेतल्या उद्यानांनी पुरेसे अनुभवले आहे.

‘आम्ही नागपूरच्या उन्हात वाढलो, आम्हाला काय होते?’

अलीकडच्या वर्षांत मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत फायर वेव्ह, व्हाइट डोम्स यांसारख्या अनेक पायवाटा उन्हाच्या तीव्रतेमुळे बंद ठेवल्या जातात. नेमक्या तारखा निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात. अमेरिकेची शाळांची सुट्टी आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांचा मुक्काम नेमका याच काळात असल्याने ही बंदी जाचक वाटते, आणि विदर्भातल्या माणसाला तर ती थोडी हास्यास्पदही वाटते.

तापमानाचा आकडा पाहिला तर फरक थोडाच आहे. इथे उन्हाळ्यात पारा नेहमीच ३८ अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि ४९ अंशांपर्यंत जाऊ शकतो. धोका आकड्याहून परिस्थितीत आहे. नागपुरात पंचेचाळीस अंशांत दुपारी बारा वाजता कुणी डोंगर चढायला जात नाही. माणूस सावलीत असतो, माठ जवळ असतो, पडला तर उचलायला चार जण असतात. इथे पायवाटेवर एकही झाड नाही. वरून ऊन, खालून तापलेली वाळू आणि दोन्ही बाजूंनी उष्णता परतवणाऱ्या भिंती. हवा इतकी कोरडी की घाम येताक्षणी उडून जातो, अंग ओले होतच नाही, आणि आपण किती पाणी गमावले याचा अंदाज येत नाही. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते. फायर वेव्हची वाट जाऊन-येऊन अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अंतर फसवे आहे. जाताना उतार लागतो आणि येताना, जेव्हा पाणी संपत आलेले असते आणि ऊन चढलेले असते, तेव्हा चढ. जुलै २०२३ मध्ये याच उद्यानात हायकिंगला आलेल्या दोन महिला मृतावस्थेत सापडल्या होत्या. बंदीला अतिरेकी काळजी म्हणण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

थंडीतही माणशी दोन लिटर पाणी जवळ असावे आणि अर्धे संपले की परतावे, जिथपर्यंत पोचलो असू तिथून. नुसते पाणी ढोसूनही भागत नाही. घामातून मीठ जाते, म्हणून बरोबर खारे शेंगदाणे किंवा चिवडा असणे हा केवळ हौसेचा भाग नाही.

उन्हाळ्यातला दुसरा धोका पाण्याचा आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातही मान्सून असतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ तिथे अधिकृतपणे मान्सूनचा समजला जातो. आपल्यासारखी झड तिथे लागत नाही, दुपारी एखादे वादळ येते आणि एकाच टापूत कोसळते. उघड्या खडकावर पाणी मुरायला वाव नसतो, ते सगळे घळींत उतरते. त्यामुळे डोक्यावर निरभ्र आकाश असताना, दूरवर झालेल्या पावसाचा लोंढा अरुंद घळीत येऊ शकतो. व्हाइट डोम्सच्या वाटेवर दोन भिंतींमधून जाणारी अशी चिंचोळी घळ आहे. ढग दिसत असतील तर तिच्यात शिरू नये.

मग जावे कधी आणि पाहावे काय?

ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ उत्तम. उद्यान सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुले असते आणि सकाळी लवकर पोचणे सर्वार्थाने चांगले, कारण तिरप्या उन्हात रंग खुलतात आणि गाड्या लावायला जागाही मिळते. फायर वेव्हच्या वाहनतळाची शनिवार-रविवारची अवस्था सिंहगडाच्या पायथ्याहून फारशी वेगळी नसते.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर निराश होण्याचे कारण नाही. बीहाइव्ह्ज, ‘सेव्हन सिस्टर्स’ नावाचे सात सुळके आणि अश्मीभूत ओंडके हे सगळे गाडीतून उतरून थोड्या पावलांवर आहे. उत्तरेकडे व्हाइट डोम्सपर्यंत जाणारा रस्ता तर खुर्चीत बसूनही सगळे रंग दाखवतो. थोडे चालता येत असेल, तर ‘माऊसेस टँक’ची वाट सर्वांत फलदायी आहे. जाऊन-येऊन सव्वा किलोमीटरच्या आसपासची, बहुतांशी सपाट, पण पायाखाली भुसभुशीत वाळू असल्याने चपलांऐवजी बूट हवेत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कोरीव आकृत्या आहेत आणि वाटेच्या शेवटी खडकातला नैसर्गिक खळगा आहे, ज्यात पावसाचे पाणी साठते. १८९० च्या दशकात माऊस नावाचा एक पायूट माणूस पाठलाग चुकवत याच पाण्याच्या आधाराने इथे लपून राहिल्याचे सांगतात. पहाटे किंवा संध्याकाळी या भागात नेवाडाचा राज्यप्राणी असलेली डेझर्ट बिगहॉर्न मेंढी दिसण्याची शक्यता असते. तिला खाऊ घालू नये. रस्ता ओलांडणारे वाळवंटी कासव दिसले तर तेही उचलून बाजूला ठेवू नये. घाबरले की ते मूत्राशयात साठवलेले पाणी टाकून देते आणि पुढच्या पावसापर्यंत त्याला ते भरून काढता येत नाही.

परतताना पूर्वेच्या फाटकातून लेक मीडच्या काठाने लास वेगासला येणारा रस्ता अधिक देखणा आहे. मात्र तो केंद्र सरकारच्या मनोरंजन क्षेत्रातून जातो, त्याचे प्रवेशशुल्क वेगळे असते आणि तिथे स्टेट पार्कची पावती चालत नाही.